अंधाऱ्या फ्रेममधल्या पट्ट्या: सेन्सरचं रीडआउट मोजायचं आणि सुधारायचं कसं

लेन्सवर झाकण लावा, खोलीतला दिवा बंद करा, सगळ्यात छोटं एक्स्पोजर ठेवून एक रॉ फोटो (सेन्सरचे आकडे जसेच्या तसे साठवणारी फाईल) काढा, आणि तो कॉम्प्युटरवर उघडून ब्राइटनेस पार वर चढवा. खरं तर काळाकुट्ट फोटो दिसायला हवा, पण दिसतात बारीक रवाळ कण, मधूनच एखादा पांढरा ठिपका, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत आडव्या फिकट पट्ट्या. प्रकाश तर आत आलाच नाही, मग हे आलं कुठून, तर वाचताना आलं. पिक्सेलमधला चार्ज उचलून त्याचा आकडा बनेपर्यंतच्या वाटेत हे सगळं मिसळलं.

मी मशीन व्हिजनच्या कॅमेऱ्यांचे बोर्ड बनवणाऱ्या टीममध्ये काम करतो, भोसरी-चाकणकडे कारखान्यांत पार्ट तपासायला लागतात ना, ते कॅमेरे. नवीन आलेल्या पोरापोरींना आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो, की फोटो खराब आला म्हणून थेट डीनॉइजच्या सॉफ्टवेअरकडे पळू नका, आधी नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेला नको असलेला चढउतार, नेमका कुठल्या टप्प्यावर शिरतोय ते शोधा, कारण पिक्सेलचा इलाज वेगळा, एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा बनवणाऱ्या सर्किटचा) वेगळा आणि पॉवर सप्लायचा तर अगदीच वेगळा, आणि चुकीच्या जागी केलेली महिनाभराची मेहनत अक्षरशः पाण्यात जाते. हे शोधायला महागडं उपकरण लागत नाही, एक रॉ देणारा कॅमेरा, एक एलईडी, एक बॅटरी आणि पायथनच्या चाळीसेक ओळी पुरतात.

कॅमेरा कुठलाही चालेल पण शिकायला मला रास्पबेरी पायचा २०२० साली आलेला एचक्यू कॅमेरा बरा वाटतो. त्यात सोनीचा आयएमएक्स४७७ सेन्सर आहे, ४०५६ बाय ३०४० पिक्सेल, एकेक पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा, रॉ १२ बिटचा, आणि गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते), एक्स्पोजर सगळं आपल्या हातात. डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तरी उत्तम. मोबाईल शक्यतो नको, कारण बरेच फोन रॉ म्हणून देतात ती फाईलसुद्धा आत काहीतरी शिजवून आलेली असते. आणि एक काम सुरुवातीलाच करून टाका, सेन्सरमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये खराब पिक्सेल झाकणारी सोय असते, डीपीसी म्हणतात, ती बंद करा. ती चालू असली तर वेगळा दिसणारा पिक्सेल शेजाऱ्यांसारखा करून ठेवते, मग तुम्ही मोजलेला नॉइज खऱ्यापेक्षा कमी येतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात.

आता पिक्सेल वाचला कसा जातो ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं काही डोक्यात बसणार नाही. आजच्या सीमॉस पिक्सेलमध्ये एक फोटोडायोड असतो जिथे प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन साठतात, आणि शेजारी एक अगदी छोटा कपॅसिटर असतो, त्याला फ्लोटिंग डिफ्यूजन म्हणतात. मधे ट्रान्सफर गेट नावाचं दार. कपॅसिटर रिकामा करायला रीसेटचा ट्रान्झिस्टर, त्यावरचा व्होल्टेज बाहेर सांगायला सोर्स फॉलोअर, आणि ही ओळ आता बोलेल हे ठरवायला रो सिलेक्ट, ट्रान्सफर गेट धरून असे एकूण चार ट्रान्झिस्टर. कपॅसिटर जितका छोटा तितका एका इलेक्ट्रॉनचा आवाज मोठा, १ फेम्टोफॅरड असेल तर एका इलेक्ट्रॉनमागे साधारण १६० मायक्रोव्होल्ट मिळतात.

गोची अशी की कपॅसिटर रीसेट केला की तो दरवेळी तंतोतंत त्याच व्होल्टेजवर येऊन थांबत नाही, उष्णतेमुळे थोडा इकडेतिकडे थांबतो. याला केटीसी नॉइज म्हणतात, आणि तेवढ्याच १ फेम्टोफॅरडला खोलीच्या तापमानात तो जवळपास १३ इलेक्ट्रॉन इतका भरतो. सावलीतल्या पिक्सेलमध्ये सिग्नलच वीस-तीस इलेक्ट्रॉनचा असेल तर १३ म्हणजे सगळा खेळ खलास. यावरचा उपाय आपल्या वाण्याला केव्हाचा माहीत आहे. सुटं तेल देताना तो आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, मग तेल ओततो, मग वजन करतो. सेन्सरमध्येही तसंच, आधी रीसेट झालेल्या कपॅसिटरचा व्होल्टेज वाचायचा, मग ट्रान्सफर गेट उघडून इलेक्ट्रॉन आत ओतायचे, मग पुन्हा वाचायचं, आणि दोन्हींची वजाबाकी. कपॅसिटर जिथे कुठे थांबला असेल ते दोन्ही वाचनांत सारखंच असल्यामुळे निघून जातं. याला कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग म्हणतात, पुढे सीडीएस म्हणतो. १९७४ मध्ये वेस्टिंगहाउसमधल्या मार्व्हिन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत सीसीडी नावाच्या जुन्या प्रकारच्या सेन्सरसाठी मांडली. नंतर १९८० च्या सुमारास एनईसीमध्ये नोबुकाझू तेरानिशींनी पिन्ड फोटोडायोड आणला, ज्यातून इलेक्ट्रॉन पूर्णपणे निथळून बाहेर येतात, आणि पुढे सीमॉस पिक्सेलमध्ये तो आल्यावर तिथेही खरा सीडीएस जमला. जुन्या तीन ट्रान्झिस्टरच्या पिक्सेलमध्ये आधी सिग्नल वाचतात आणि नंतर रीसेट करून ते वाचतात, म्हणजे धडा केला तो दुसऱ्याच भांड्याचा, त्यामुळे केटीसी जात तर नाहीच, उलट दोन वेगळ्या रीसेटचा नॉइज एकत्र येतो. तुमच्या हातातला सेन्सर यातला कुठला आहे ते डेटाशीटमध्ये आधी बघा, तीन ट्रान्झिस्टरचा असेल तर अपेक्षा तशाच ठेवा.

चला मोजायला. झाकण लावून सगळ्यात छोट्या एक्स्पोजरला, सगळ्यात कमी गेनला लागोपाठ दोन फ्रेम घ्या. मधला ५०० बाय ५०० चा तुकडा कापा, पण बेयर पॅटर्नमधला (पिक्सेलांवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची जाळी असते तिच्यातला) एकच रंग उचला, हिरवे दोन असतात त्यातला एकच, सगळे रंग मिसळले की गणित बिघडतं. एका फ्रेममधून दुसरी वजा करा, उरलेल्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा आणि १.४१४ ने भागा. वजाबाकी का, तर प्रत्येक पिक्सेलची स्वतःची जी कायमची खोड असते ती दोन्ही फ्रेममध्ये सारखी असते, ती निघून जाते आणि फक्त दरवेळी बदलणारा नॉइज उरतो. त्याआधी एका फ्रेमचा हिस्टोग्राम मात्र नक्की बघा. तो पूर्ण घंटेसारखा दिसला पाहिजे. आयएमएक्स४७७ मध्ये ब्लॅक लेव्हल, म्हणजे पूर्ण काळ्याला दिलेला आकडा, १२ बिटला २५६ वर ठेवलेली असते म्हणून घंटा दोन्ही बाजूंनी नीट दिसते, पण कॅमेऱ्याने काळा रंग शून्यावर कापून टाकला असेल तर डावी अर्धी घंटाच गायब होते, आणि मग आलेला आकडा कितीही छान दिसला तरी तो खोटा.

हा आकडा काउंटमध्ये, म्हणजे एडीसीच्या आकड्यांत, आला, आपल्याला हवा इलेक्ट्रॉनमध्ये, नाहीतर दोन कॅमेऱ्यांची किंवा दोन गेनची तुलनाच करता येत नाही. त्यासाठी फ्लॅट फ्रेम, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड पडलेल्या फ्रेम, काढायच्या. लेन्सवर ट्रेसिंग पेपरचे दोन-तीन थर लावा आणि समोर पांढरा एलईडी, बॅटरीवर रेझिस्टर लावून चालवलेला. घरातली ट्यूब किंवा बल्ब वापरू नका, आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची आहे म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. मोबाईलची स्क्रीनही नको, तिचा ब्राइटनेस बऱ्याचदा चालू-बंद करूनच कमी केलेला असतो. एक्स्पोजर वाढवत वाढवत आठ-दहा पायऱ्या घ्या, प्रत्येक पायरीला दोन फ्रेम. प्रत्येक जोडीची सरासरी काढून त्यातून ब्लॅक लेव्हल वजा करा, आणि दोन फ्रेमच्या वजाबाकीच्या व्हेरिअन्सचं अर्ध घ्या. आडव्या अक्षावर सरासरी, उभ्यावर व्हेरिअन्स. प्रकाशाचा स्वतःचा नॉइज असा असतो की इलेक्ट्रॉनमध्ये मोजलं तर सरासरी आणि व्हेरिअन्स सारखे येतात, त्यामुळे बिंदू एका सरळ रेषेत पडतात आणि सरासरी भागिले व्हेरिअन्स केलं की एका काउंटमागे किती इलेक्ट्रॉन ते कळतं. समजा सरासरी १००० आणि व्हेरिअन्स २५० आला, तर एक काउंट म्हणजे ४ इलेक्ट्रॉन. आधी अंधारात १.२ काउंट नॉइज मिळाला होता, तर तो झाला ४.८ इलेक्ट्रॉन. रेषा वरच्या टोकाला वाकत असेल तर पिक्सेल भरत आलाय, ते बिंदू टाकून द्या.

आणि आता या सगळ्यातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम, जे बहुतेक जण करतच नाहीत. हीच दोन्ही मापं प्रत्येक अॅनालॉग गेनला पुन्हा करा, १, २, ४, ८, १६, आणि प्रत्येक ठिकाणचा रीड नॉइज, म्हणजे अंधारात मोजलेला तो वाचनाचा नॉइज, इलेक्ट्रॉनमध्ये लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण स्क्रिप्ट एकदा लिहिली की चहा पिऊन येईपर्यंत होतं. गेनच्या आधी शिरलेला नॉइज, म्हणजे पिक्सेलचा, गेन कितीही केला तरी इलेक्ट्रॉनमध्ये तेवढाच राहतो. गेनच्या नंतर शिरलेला, म्हणजे एडीसीचा आणि बोर्डाचा, गेनने भागला जातो. समजा आधीचा २ इलेक्ट्रॉन आणि नंतरचा ८ आहे. गेन १ ला एकूण येईल ८.२, गेन ४ ला २.८, गेन ८ ला २.२, आणि १६ ला जेमतेम २.१. म्हणजे ग्राफ आधी झपकन खाली येतो आणि मग आडवा होतो. आडव्या भागाची उंची म्हणजे तुमचा पिक्सेल, आणि उताराचा भाग म्हणजे पिक्सेलच्या पुढचं सगळं. आडवा भागच खराब असेल तर बोर्डवर कितीही कपॅसिटर डकवा, काही उपयोग नाही, तिथे सेन्सर बदलणं, किंवा एकच पिक्सेल अनेकदा वाचणं एवढंच हातात आहे. आणि उतार मोठा असेल तर पुढचे सगळे उपाय तुमच्यासाठीच आहेत.

काही सेन्सरमध्ये या ग्राफला मधेच एक पायरी दिसते, एका गेनला नॉइज एकदम खाली उडी मारतो. ते ड्युअल कन्व्हर्जन गेन, म्हणजे पिक्सेलमध्येच एक जादाचा कपॅसिटर असतो, तो जोडला की जास्त इलेक्ट्रॉन मावतात, तोडला की एकेका इलेक्ट्रॉनचा व्होल्टेज वाढतो. पॅनासॉनिकचा जीएच५एस हा कॅमेरा ४०० आणि २५०० असे दोन नेटिव्ह आयएसओ सांगतो, तो याच जातीचा प्रकार. तुमच्या ग्राफमध्ये पायरी दिसली तर कमी उजेडात पायरीच्या अलीकडच्या गेनवर काम करू नका, सरळ पलीकडे उडी मारा.

आता पट्ट्यांकडे येतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ यांनीच खाल्लाय. सेन्सर एका ओळीतले सगळे पिक्सेल एकाच क्षणी सॅम्पल करतो, आणि खाली प्रत्येक कॉलमला आपापला एडीसी असला तरी त्या सगळ्यांना पुरवलेला रॅम्प (तुलनेसाठी एकसारखा चढत जाणारा व्होल्टेज) बहुतेक वेळा एकच असतो. त्या क्षणी सप्लाय जरा हलला किंवा रॅम्प जरा हलला की अख्खी ओळ एकसाथ वरखाली होते. पिक्सेलचा सुटा सुटा नॉइज डोळा सहज माफ करतो पण सरळ रेष माफ करत नाही, म्हणून ओळीचा नॉइज पिक्सेलच्या नॉइजच्या एक दशांशाच्या खाली हवा असा ठोकताळा आहे. मोजायचं कसं, तर दोन डार्क (झाकण लावून काढलेल्या) फ्रेमची वजाबाकी घ्या, १.४१४ ने भागा, प्रत्येक ओळीची सरासरी काढा, आणि त्या सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन. पिक्सेलचा नॉइज ५ इलेक्ट्रॉन आणि ओळीत ४००० पिक्सेल असतील तर नुसत्या योगायोगाने ओळीच्या सरासरीत ०.०८ इलेक्ट्रॉन एवढीच हालचाल यायला हवी. त्याहून बरीच जास्त आली तर ओळीत काहीतरी शिरतंय. मग त्याच ओळींच्या सरासऱ्यांवर एफएफटी (कुठल्या फ्रिक्वेन्सीचा भाग किती ते सांगणारं गणित) लावा, आणि टोकं कुठे येतात ते बघा.

एका बोर्डवर आम्हाला असं झालं होतं की सकाळी फ्रेम स्वच्छ आणि तासाभराने पट्ट्या, आणि त्या पट्ट्या हळूहळू वर सरकायच्या. सेन्सरच खराब असं वाटून आम्ही दोन सेन्सर बदलले, फरक शून्य. मग ओळींच्या एफएफटीतलं टोक बोर्ड तापेल तसं सरकतंय हे एकाच्या लक्षात आलं, आणि सप्लायच्या चिपवर नुसतं बोट टेकवल्यावर पट्ट्यांची रुंदी डोळ्यांसमोर बदलली. दोष स्विचिंग रेग्युलेटरचा, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन सप्लायचा व्होल्टेज बनवणाऱ्या चिपचा होता, त्याची फ्रिक्वेन्सी तापमानाबरोबर सरकत होती. हिशोब असा असतो बघा, ओळीचा वेळ २० मायक्रोसेकंद असेल तर सेन्सर सेकंदाला ५०,००० वेळा सॅम्पल घेतो. रेग्युलेटर बरोबर १००० किलोहर्ट्झला चालला तर प्रत्येक ओळीला रिपलचा (सप्लायवर उरणाऱ्या लहरीचा) तोच बिंदू सापडतो, सगळ्या ओळी सारख्याच हलतात, काही दिसत नाही. पण तो १००१ किलोहर्ट्झला गेला की उरलेला १ किलोहर्ट्झ फोटोत उतरतो, म्हणजे दर ५० ओळींमागे एक पट्टा. मेगाहर्ट्झमधला रिपल डोळ्यांना दिसेल एवढा हळू होऊन फ्रेममध्ये येतो, म्हणून ऑसिलोस्कोपवर सप्लाय "ठीक" वाटतो आणि फोटो मात्र ठीक नसतो.

इलाज या क्रमाने करा. आधी रेग्युलेटर कमी लोडला पल्स गाळतो का ते बघा आणि ती सोय बंद करून त्याला कायम ठराविक फ्रिक्वेन्सीवर चालवा, कारण गाळलेल्या पल्समुळे वेडावाकडा कमी फ्रिक्वेन्सीचा रिपल येतो जो पुढे कुठेच नीट गाळता येत नाही. रेग्युलेटरला सिंकची पिन असेल तर सेन्सरच्या घड्याळातून भागून काढलेली फ्रिक्वेन्सी द्या, अशी की एका ओळीत पूर्ण संख्येने सायकल बसतील, मग वरच्या उदाहरणासारख्या पट्ट्या जागच्या जागी विरतात. सेन्सरच्या अॅनालॉग पिनला वेगळा एलडीओ (स्विचिंग न करणारा शांत रेग्युलेटर) द्या, पण एलडीओ टाकला म्हणजे झालं असं समजू नका, बहुतेक एलडीओ काही शे किलोहर्ट्झच्या पुढे रिपल अडवायला कमी पडतात, त्यामुळे त्याच्या आधी फेराइट बीड (जास्त फ्रिक्वेन्सी अडवणारा छोटा पार्ट) आणि सेन्सरच्या पिनला अगदी खेटून सिरॅमिक कपॅसिटर हवाच. खेटून म्हणजे खरंच खेटून, ट्रॅक एक सेंटीमीटर लांबला की त्याचा अर्धा उपयोग गेला असं धरून चाला.

इथेच सीडीएसची दुसरी बाजू कामाला येते. दोन वाचनांमध्ये जेवढं अंतर तेवढ्यात जे हळूहळू बदलतं ते वजाबाकीत जातं, म्हणून सोर्स फॉलोअरचा कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज सीडीएसमुळे बराच दबतो आणि अंतर जितकं कमी तितकं बरं. पण रिपलच्या बाबतीत अंतराचं नातं वेगळं आहे. अंतर २ मायक्रोसेकंद असेल तर १ मेगाहर्ट्झचा रिपल त्यात बरोबर दोन सायकल बसतो, दोन्ही वाचनांत सारखाच असतो आणि पुसला जातो. तोच २५० किलोहर्ट्झचा असेल तर अर्धी सायकल बसते, एकदा वर एकदा खाली, आणि वजाबाकीत दुप्पट होतो. त्यामुळे रेग्युलेटरची फ्रिक्वेन्सी निवडताना सेन्सरचं हे अंतर माहीत असलं तर पैसा न घालवता अर्धं काम होतं.

पण अंतर कमी करायलाही मर्यादा आहे. पिक्सेलचा व्होल्टेज कॉलमच्या लांबलचक तारेवरून खाली येतो आणि तिला भरायला वेळ लागतो. १२ बिटच्या अर्ध्या काउंटइतकं अचूक स्थिरावायला ९ टाइम कॉन्स्टंट (तार किती वेगाने भरते त्याचं माप) लागतात, १४ बिटला साडेदहाच्या आसपास. टाइम कॉन्स्टंट १०० नॅनोसेकंद असेल तर १२ बिटला ०.९ मायक्रोसेकंद, आणि असं एका ओळीत दोनदा, रीसेटसाठी एकदा, सिग्नलसाठी एकदा. घाई केली तर काय दिसतं ते तपासायला कागदावर अर्धा काळा अर्धा पांढरा अशी ठळक आडवी कड प्रिंट करा आणि फोटो काढा. कडेनंतरच्या पहिल्या ओळीत आधीच्या ओळीची सावली रेंगाळत असेल तर वेळ अपुरा आहे. लेन्सची अस्पष्टता कडेच्या दोन्ही बाजूंना दिसते, ही मात्र एकाच बाजूला, वाचनाच्या दिशेने, त्यावरून ओळखा. मग रजिस्टरमध्ये ओळीची लांबी दुप्पट करून पुन्हा बघा. काही सेन्सरमध्ये लांबी वाढवली तरी आतलं टायमिंग तेच राहतं आणि जादा वेळ नुसता शेवटी पडून राहतो, तिथे फरक पडणार नाही, बाकीच्यांत पडतो.

बिट किती ठेवायचे यावर लोक उगाच हट्ट धरतात. रॅम्प आणि काउंटरवाला एडीसी १२ बिटला ४०९६ पावलं मोजतो, १४ बिटला १६,३८४, म्हणजे त्याच घड्याळावर चौपट वेळ. आता तुमचा नॉइज १४ बिटच्या हिशोबात ३ काउंट असेल, तर १२ बिटला तो ०.७५ काउंट होईल, आणि काउंटात गोल करण्याचा स्वतःचा नॉइज असतो ०.२९ काउंट. दोन्ही मिळून ०.८, म्हणजे नुकसान नावापुरतं आणि एडीसीचा वेळ एक चतुर्थांशावर आला. गेन वाढवला की काउंटमधला नॉइज वाढतोच, त्यामुळे जास्त गेनला १४ बिट म्हणजे नॉइजचेच शेवटचे आकडे जपून ठेवणं. कमी गेनला, जिथे नॉइज एखाद्या काउंटच्या खाली जातो, तिथे मात्र १४ सोडू नका.

बोर्ड सुधारूनही थोडा ओळीचा नॉइज उरलाच तर सॉफ्टवेअरचा नंबर. सेन्सरच्या कडेला झाकलेले पिक्सेल असतात, ऑप्टिकल ब्लॅक, त्यांच्यावर प्रकाश पडत नाही पण ओळीची हालचाल त्यांनाही होते, म्हणून त्यांची सरासरी काढून ओळीतून वजा करतात. इथे एक चूक मी इतक्या वेळा बघितलीये की मुद्दाम सांगतो. झाकलेले पिक्सेल ओळीला फक्त ३२ असतील आणि पिक्सेल नॉइज ५ इलेक्ट्रॉन असेल तर त्या सरासरीतच ०.८८ इलेक्ट्रॉनची अनिश्चितता असते. मूळ ओळीचा नॉइज ०.३ होता आणि तुम्ही ही वजाबाकी केली तर पट्ट्या कमी न होता तिपटीने वाढतात, आणि माणूस पुन्हा सप्लाय बदलत बसतो. आधी मोजा, ओळीचा नॉइज त्या अनिश्चिततेपेक्षा मोठा असेल तरच पूर्ण वजा करा, आसपास असेल तर सरासरीचा काही भागच वजा करा, आणि छोटा असेल तर हातही लावू नका.

उभ्या रेघा सोप्या, त्या कॉलमच्या एडीसीच्या कायमच्या खोडी असतात. १०० डार्क फ्रेमची सरासरी काढा, प्रत्येक कॉलमचा ऑफसेट साठवा, वजा करा, झालं. फक्त प्रत्येक गेनचा तक्ता वेगळा ठेवा आणि कॅमेरा तापल्यावरचा वेगळा.

लुकलुकणारे ठिपके मात्र हट्टी असतात. सोर्स फॉलोअरच्या ट्रान्झिस्टरमध्ये एखादा इलेक्ट्रॉन अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि तो पिक्सेल दोन-तीन ठराविक पातळ्यांमध्ये उड्या मारत राहतो. सरासरीच्या तक्त्यात हा सापडत नाही, कारण सरासरी बरी येते. त्याऐवजी १०० डार्क फ्रेममधून प्रत्येक पिक्सेलचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, आणि जे बाकीच्यांच्या कितीतरी पुढे आहेत त्यांची यादी करून फक्त त्यांनाच शेजाऱ्यांच्या मीडियनने भरा. अख्ख्या फोटोवर मीडियन फिरवू नका, बारीक तपशील मरतो.

आणि पिक्सेलचाच नॉइज खाली आणायचा असेल तर एकच मार्ग, तोच पिक्सेल अनेकदा वाचा. रीसेटचं वाचन चार वेळा, सिग्नलचं चार वेळा, सरासऱ्यांची वजाबाकी, तर नॉइजचा उष्णतेकडून आलेला भाग निम्मा होतो, कमी फ्रिक्वेन्सीचा तेवढा होत नाही. काही सेन्सरमध्ये याचं रजिस्टर असतं. सीसीडी वापरणाऱ्या खगोलवाल्यांकडे हे जास्त खोलवर गेलंय, आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने बनवलेला आयडीसॅक नावाचा सीसीडी कंट्रोलर हेच करतो, एका पिक्सेलच्या व्हिडिओ सिग्नलचे भराभर खूप सॅम्पल घेऊन सीडीएस डिजिटलमध्ये करतो, त्यामुळे कुठल्या सॅम्पलला किती वजन द्यायचं ते नंतर ठरवता येतं. याचं टोक म्हणजे स्किपर सीसीडी, तोच चार्ज न सांडता पुन्हापुन्हा मोजायचा, २०१७ मध्ये एका पिक्सेलचे ४००० वेळा वाचन करून ०.०६८ इलेक्ट्रॉनपर्यंत नॉइज उतरवलाय, तिथे इलेक्ट्रॉन अक्षरशः एक, दोन, तीन असे मोजता येतात. किंमत अर्थात वेळेत द्यावी लागते.

वेळ निघालाच आहे तर रोलिंग शटर, म्हणजे ओळी एकामागून एक वाचायला लागणारा वेळ, पण मोजून घ्या. ईएसपी३२ किंवा अर्डुइनोवरून एलईडी बरोबर १ किलोहर्ट्झला लुकलुकवा, लेन्स काढून सेन्सरवर ट्रेसिंग पेपरमधून तो प्रकाश सगळीकडे सारखा पाडा, आणि छोटं एक्स्पोजर ठेवून फोटो काढा. काळे-पांढरे पट्टे दिसतील, एका जोडीत किती ओळी ते मोजा. १०० ओळी भरल्या तर १०० ओळींना १ मिलिसेकंद, म्हणजे ओळीला १० मायक्रोसेकंद, आणि ३००० ओळींची फ्रेम वाचायला ३० मिलिसेकंद. घरच्या दिव्याखाली १०० हर्ट्झच्या लुकलुकीचे तीन पट्टे याच ३० मिलिसेकंदांत बसतात, आणि ते घालवायला एक्स्पोजर १/१०० सेकंदाच्या पटीत ठेवायचं, १/१००, १/५०, असं. तुलनेला म्हणून सांगतो, निकॉनचा २०२१ चा झेड९ पूर्ण फ्रेम साधारण १/२७० सेकंदात वाचतो, म्हणून त्यात मेकॅनिकल शटरच ठेवलेलं नाही. आपल्या बोर्डवर एवढं जमणार नाही, पण बिट कमी करून, नको त्या ओळी वाचायच्याच सोडून, निम्म्यावर सहज येतं. कन्व्हेअरवरचा पार्ट फ्रेमच्या मधल्या एक तृतीयांशातच येत असेल तर वरच्या-खालच्या ओळी वाचता कशाला, विंडो लावा.

शेवटचं एक, कमी उजेडात फोटो जोडणाऱ्यांसाठी. प्रत्येक वाचनाला रीड नॉइज नव्याने भरावा लागतो. ५ इलेक्ट्रॉनच्या कॅमेऱ्याने १६ छोट्या फ्रेम काढून बेरीज केली तर रीड नॉइज २० इलेक्ट्रॉन होतो, तेवढ्याच वेळाची एकच लांब फ्रेम काढली तर ५ च राहतो. वस्तू स्थिर असेल आणि पिक्सेल भरून वाहत नसेल तर फ्रेम कमी आणि लांब घ्या. डार्क करंट (अंधारातही उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन) तापमानाच्या दर ६-८ अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे लांब एक्स्पोजर घेताना सेन्सरच्या मागे छोटा हीटसिंक चिकटवा, आणि डार्क फ्रेम त्याच तापमानाला, त्याच गेनला, तेवढ्याच वेळाच्या पुन्हा काढा.